ॲक्रिलिक म्हणून आणली, निघाली पीव्हीसी! टेक्स्चरची शीट लेझरवर कापण्याआधी एवढं वाचाच

वरणगाव (ता. भुसावळ) | प्रतिनिधी

गणपती जवळ आले की पूर्वी गल्लोगल्ली थर्माकोलचे मखर दिसायचे. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. त्या वर्षीच्या गणपतीपुरती तरी सूट द्या म्हणून थर्माकोलवाले कोर्टात गेले, पण जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सूट नाकारली. पुढे १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल देशभरातच बंद झाला. त्याची जागा एमडीएफ आणि ॲक्रिलिकने घेतली. आता मखर, बंगल्याची पाटी, देवघराची जाळी, लग्नातला नावाचा बोर्ड, ट्रॉफी, दुकानाची अक्षरं, सगळं लेझर मशीनवर कापून मिळतं. त्यातही सध्या मागणी आहे ती टेक्स्चरच्या शीटला. म्हणजे पाण्याच्या लाटांसारखी, उभ्या पन्हळीची, संगमरवरासारखी, चमकीची किंवा दुधी काचेसारखी.

ही मशीन आता तालुक्याच्या गावातच नाही, तर आपल्यासारख्या गावातही आली. पोरं कर्ज काढून मशीन घेतात, विकणारा दोन दिवस शिकवून जातो आणि धंदा सुरू होतो. मशीन कशी चालवायची ते तो शिकवतो. पण तिच्यावर काय ठेवायचं आणि काय नाही, हे कोणी शिकवत नाही. तिथेच नुकसान होतं. माझ्या भाच्याचं झालं, म्हणून हा लेख.

काय घडलं?

भाच्याने हायवेजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन टाकली. पहिलीच मोठी ऑर्डर मखराच्या पाठीमागच्या भिंतीची, संगमरवरी दिसणारी शीट आणि तिच्यात जाळी. नेहमीच्या दुकानात माल नव्हता, म्हणून दुसरीकडून आणला. देणाऱ्याने छातीठोक सांगितलं, "ॲक्रिलिकच आहे, घेऊन जा." पोराने दोन दिवस बसून सगळी जाळी कापली. डोळे चुरचुरले, घसा धरला, आठवडाभर खोकला राहिला. त्याला वाटलं, ॲक्रिलिकचा वास असाच असेल.

काही दिवसांनी मला फोन आला. "मामा, चार महिनेबी नाही झाले, अन् रॉडले गंज चढला ना भो." जाऊन पाहिलं तर ज्या रॉडवर लेझरचं डोकं सरकतं त्यांच्यावर तांबूस थर, स्क्रूही तसेच, भिंग धुरकट झालेलं. शीट ॲक्रिलिकची नव्हतीच. ती होती पीव्हीसी मार्बल शीट, जी घराच्या भिंतीला लावतात. ऑर्डर वेळेत गेली, पैसे मिळाले आणि ते सगळे दुरुस्तीत गेले. कर्जाचा हप्ता घरातून भरावा लागला.

पीव्हीसी लेझरवर का कापायची नाही?

पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं. पाण्याचे पाइप, फ्लेक्सचं कापड, रेक्झिन, बरेचसे स्टिकर आणि फोमचा बोर्ड याच घराण्यातले. लेझरच्या उष्णतेने पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. हवेतल्या ओलाव्याशी तो मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. संडास धुवायच्या ॲसिडच्या बाटलीत असतं, तेच. हे ॲसिड लोखंड खातं, भिंग खराब करतं आणि श्वासातून छातीत जातं. मशीनचे रॉड बदलता येतात, फुप्फुस बदलता येत नाही. त्यामुळे "एकच तुकडा आहे, कापून टाकू" असं पीव्हीसीच्या बाबतीत चालत नाही.

ॲक्रिलिक वेगळं. त्याचं रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, त्यात क्लोरीन नाही. १९३० च्या दशकात ते बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या खिडक्यांना काचेऐवजी वापरलं गेलं. त्याचाही धूर चांगला नाही, वास उग्र असतो, म्हणून हवा बाहेर फेकणारा ब्लोअर आणि छताच्या वर जाणारा पाइप लागतोच. पाइप शेजाऱ्याच्या खिडकीकडे काढू नका. पण ॲक्रिलिकचा धूर मशीन खात नाही.

शीट कशी ओळखायची?

नावावर जाऊ नका. बाजारात "ॲक्रिलिक लॅमिनेट" नावाने जे मिळतं, त्यात वर ॲक्रिलिकचा पातळ थर आणि खाली दुसरंच प्लॅस्टिक असू शकतं. "मार्बल शीट", "लुव्हर पॅनल" ही भिंतीची मंडळी बहुतेक पीव्हीसीच. दिसायला टेक्स्चरच्या ॲक्रिलिकसारखीच चकाकतात. म्हणून नवीन माल आला की आधी एक बोटाएवढा तुकडा तोडून तपासा.

पहिली खूण, पाणी. तुकडा बादलीत टाका. भरीव ॲक्रिलिक बुडतं. तरंगला तर ते ॲक्रिलिक नाही, फोमचा बोर्ड असण्याची शक्यता जास्त. पण बुडाला म्हणजे ॲक्रिलिक झालं, असंही नाही, कारण भरीव पीव्हीसीही बुडतं.

दुसरी खूण, जाळून पाहणे. उघड्यावर, वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहून, पकडीत अगदी छोटा तुकडा धरा. ॲक्रिलिक पेटलं की जळतच राहतं, तडतडतं, वास गोडसर फळासारखा येतो. पीव्हीसीला ज्योत लावली तर जळतं, ज्योत काढली की विझतं, आणि वास नाकात झोंबतो. नाक जवळ न्यायची गरज नाही, दुरूनही समजतं.

तिसरी आणि सगळ्यात पक्की खूण, तांब्याची तार. वायरिंगच्या तारेवरचं प्लॅस्टिक पूर्ण सोलून काढा, कारण ते प्लॅस्टिकच पीव्हीसी असतं. तार पकडीत धरून गॅसच्या ज्योतीवर लाल करा, ज्योतीला हिरवा रंग दिसत नाही तोवर तापवा. ती गरम तार शीटच्या तुकड्याला टेकवा, थोडं प्लॅस्टिक तारेला चिकटेल. तार परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. ती शीट मशीनवर चढवायची नाही. ज्योत पिवळीच राहिली तर पुढे जायला हरकत नाही. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. थरांची शीट असेल तर वरचा आणि खालचा, दोन्ही थर वेगवेगळे तपासा.

ॲक्रिलिकमध्येही दोन जाती

खरं ॲक्रिलिक मिळालं तरी त्यात कास्ट आणि एक्स्ट्रुडेड असे दोन प्रकार आहेत. कास्ट म्हणजे दोन काचांच्या मध्ये पातळ रसायन ओतून घट्ट केलेली शीट. टेक्स्चर हवं असेल तर एका बाजूला नक्षीची काच किंवा साचा ठेवतात, चमकी हवी असेल तर ती रसायनातच मिसळतात. एक्स्ट्रुडेड म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक रोलरमधून काढलेलं. रोलरवर नक्षी असली की तीच शीटवर उठते.

एक्स्ट्रुडेड लवकर कापलं जातं आणि कड काचेसारखी चकचकीत येते, पण त्यावर अक्षर कोरलं तर ते चिकट आणि मळकट दिसतं. शिवाय कापल्यावर बारीक तडे जायची भीती जास्त. कास्टवर कोरलं की पांढरं, दुधी, ठसठशीत अक्षर उठतं. म्हणून पाटी, ट्रॉफी, कोरीव काम असेल तर कास्ट मागा. नुसती जाळी किंवा आकार कापायचे असतील तर एक्स्ट्रुडेड चालतं.

जाडीवरही भरवसा ठेवू नका. ३ मिमी म्हणून दिलेली शीट मोजली तर कमी भरू शकते, आणि टेक्स्चरच्या शीटमध्ये उंचवटा आणि खळगा यांची जाडी वेगळीच असते. व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात जाड जागेचा आकडा लिहून ठेवा.

लेझरची करामत आणि बारामतीचा माणूस

या मशीनमध्ये काचेची नळी असते. तिच्यात कार्बन डायऑक्साईड मिसळलेला वायू असतो. नळीत उच्च दाबाची वीज गेली की डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो. आरशांवरून तो भिंगापर्यंत येतो आणि भिंग त्याला एका बारीक टिपक्यात गोळा करतं. त्या टिपक्याखालचं ॲक्रिलिक वितळून वाफ होतं.

या कार्बन डायऑक्साईड लेझरचा शोध लावणारे शास्त्रज्ञ सी. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या बारामतीचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ते १९५८ मध्ये पदवीधर झाले, अमेरिकेला गेले आणि तिथल्या बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये त्यांनी हा लेझर घडवला. आज गावोगावच्या मशीनमध्ये तोच आहे.

इथे एक सावधगिरी. ऑनलाइन जी स्वस्तातली निळ्या किरणाची छोटी डायोड मशीन दिसते, ती पारदर्शक ॲक्रिलिक कापत नाही. निळा किरण काचेतून जावा तसा आरपार जातो. व्हिडिओ पाहून मागवू नका.

टेक्स्चरच्या शीटची तयारी

आता मुद्द्याचं काम. साधी शीट आणि टेक्स्चरची शीट यात फरक एवढाच की दुसरीची एक बाजू सपाट नाही. पण त्या एका गोष्टीने चार पायऱ्या बदलतात.

पहिली पायरी, तुकडे करणे. पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची येते, ३ मिमीची असेल तर वजन साडेदहा किलोच्या आसपास. छोट्या मशीनची कापायची जागा ९०० बाय ६०० मिमी, म्हणजे जवळजवळ ३ बाय २ फूट. ८ बाय ४ मधून ३ बाय २ चे चार तुकडे आणि २ बाय २ चे दोन तुकडे निघतात, वाया काही जात नाही. फक्त लक्षात ठेवा, २ फूट म्हणजे ६१० मिमी. त्यामुळे डिझाइन कडेपासून आत घ्या. हातकटरने रेघ मारून शीट तोडायची तर रेघ सपाट बाजूने मारा. नक्षीच्या बाजूने कटर उड्या मारतो आणि शीट वाकडी फुटते.

दुसरी पायरी, कोणती बाजू वर? नक्षी खोल असेल, म्हणजे लाटा, पन्हळी, हिऱ्याचे दाणे, तर सपाट बाजू वर आणि नक्षी खाली ठेवा. कारण भिंगाचं अंतर, ज्याला फोकस म्हणतात, ते सपाट जागेवरच बरोबर मोजता येतं. नक्षी वर ठेवली तर मोजायची पट्टी कधी उंचवट्यावर टेकते, कधी खळग्यात, आणि अर्धी जाळी सुटते, अर्धी चिकटलेली राहते. सपाट बाजू वर ठेवली की डिझाइन उलटं म्हणजे आरशातल्यासारखं करायचं, हे विसरू नका. विसरलात तर "श्री गणेश" उलटं कापलं जाईल आणि शीट भंगारात. नुसती दुधी शीट असेल, खरखर अगदी बारीक असेल, तर कोणतीही बाजू चालते. आरशाच्या शीटवर कोरायचं असेल तर मागच्या रंगाच्या बाजूने, तेही उलटं.

तिसरी पायरी, कागद. शीटवर कंपनीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. सपाट बाजूचा तो पापुद्रा काढून त्याजागी कागदी मास्किंग टेप घट्ट चिकटवा, प्लॅस्टिक वितळून कडेला चिकटतं. नक्षीच्या बाजूला टेप फक्त उंचवट्यांवर चिकटते, खालून धूर शिरतो आणि तपकिरी डाग पडतात. म्हणून ती बाजू खाली असताना शीट मशीनच्या जाळीवर थेट टेकवू नका. खाली सारख्या उंचीचे खिळे किंवा पट्ट्या देऊन बोटभर उचलून धरा. धूर खालून ओढला जातो आणि जाळीवरून उलट फिरलेल्या किरणाचे ठिपकेही शीटवर पडत नाहीत.

चौथी पायरी, दिशा. पन्हळीच्या शीटला उभं-आडवं असतं. सॉफ्टवेअर माल वाचवायला अक्षरं फिरवून बसवतं. मग एका अक्षरात रेघा उभ्या, दुसऱ्यात आडव्या. पाटी लावल्यावर ते डोळ्यात खुपतं. म्हणून आपोआप फिरवायची सोय बंद करा आणि प्रत्येक अक्षर एकाच दिशेने बसवा.

साठवण्याबद्दलही एक सांगतो. पत्र्याच्या शेडमध्ये शीट भिंतीला तिरपी टेकवून ठेवली तर उन्हाळ्यात पोट काढते. वाकलेली शीट मशीनवर सपाट बसत नाही आणि फोकस चुकतो. आडव्या फळीवर एकावर एक, पूर्ण आधार देऊन ठेवा.

मराठी अक्षरांची गंमत

इंग्रजी नाव कापलं की प्रत्येक अक्षर सुटं होतं, एकेक चिकटवत बसा. मराठीत शिरोरेघ सगळ्या अक्षरांना धरून ठेवते, अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. हा आपल्या लिपीचा फायदा. पण अनुस्वाराचा टिंब सुटा असतो. तो जाळीतून खाली पडतो आणि "पाटील बंधू"चं "पाटील बधू" होतं. म्हणून टिंब शिरोरेघेला बारीक दांडीने जोडा किंवा कापून झाल्यावर आधी टिंब उचलून ठेवा.

शिरोरेघ आणि काना, मात्रा, वेलांटी हे फाइलमध्ये एकमेकांवर चढलेले असतात. पडद्यावर दिसत नाही, पण लेझर प्रत्येक रेघ वेगळी कापतो आणि अक्षराचे तुकडे होतात. कोरलमध्ये आधी अक्षराचं कर्व्ह करा, मग सगळे भाग वेल्ड करा, मगच फाइल आरडीवर्क्स किंवा लाइटबर्नमध्ये न्या. कर्व्ह न करता नेलं तर जोडाक्षरंही मोडतात. आणि अक्षर पोकळ कापायचं असेल, म्हणजे शीटमध्ये अक्षराच्या आकाराचं भोक, तर "व", "ब", "प" यांचं पोट खाली पडतं. तिथे दोन ठिकाणी बारीक पूल ठेवा.

कापण्याचा क्रम आतून बाहेर. आधी जाळीची भोकं, शेवटी बाहेरची कड. उलटं केलं तर तुकडा सुटून हलतो आणि उरलेली भोकं सरकतात. मखराचे भाग एकमेकांत अडकवायचे असतील तर लेझर स्वतःच साधारण ०.२ मिमी जागा खातो, हे धरून खाच थोडी कमी ठेवा.

वेग, ताकद आणि आग

६० वॅटच्या नळीवर ३ मिमी ॲक्रिलिकला सेकंदाला १२ ते २० मिमीच्या दरम्यान सुरुवात करता येते. पण प्रत्येक नळीचं वय वेगळं, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा डोळे झाकून घेऊ नका. त्याच शीटच्या टाकाऊ कडेवर रुपयाएवढे पाच गोल पाच वेगांनी कापून पाहा. ज्या वेगाला गोल आपोआप सुटतो त्याहून थोडा कमी वेग ठेवा. खोल नक्षीच्या शीटला जाड जागा धरूनच वेग ठरवा, पातळ जागेपुरता ठरवला तर जाड जागा सुटत नाही.

भिंगाजवळून येणारी हवा मंद ठेवली तर कड काचेसारखी येते, जोराची ठेवली तर कड दुधी होते. पण हवा अजिबात बंद करू नका, भिंगावर वाफ बसते आणि आगीची भीती वाढते. ॲक्रिलिक पेटतं आणि पेटलं की थांबत नाही. मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही, फोनवर बोलत बाहेर जायचं नाही. झाकण बंद, हाताशी आग विझवायचा सिलिंडर आणि ओलं फडकं. शेडमध्ये कागदी टेपचा कचरा साठू देऊ नका.

आपल्याकडचं ऊन, पाणी आणि वीज

मशीनच्या पुस्तकात जे लिहिलेलं नसतं ते आपल्या खान्देशच्या उन्हाबद्दल. लेझरच्या नळीतलं पाणी १५ ते २५ अंशांच्या आसपास हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. मशीनसोबत जो स्वस्त सीडब्ल्यू-३००० कूलर देतात, त्यात नुसता पंखा असतो, तो पाणी खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. त्याने नळीची ताकद कमी होते आणि आयुष्य घटतं. आपल्याकडे कॉम्प्रेसरचा, म्हणजे सीडब्ल्यू-५००० किंवा ५२०० जातीचा चिलर लागतोच. तो किमतीत धरूनच मशीनचा हिशोब करा. पाणी बोअरचं नको, क्षार धरतात. डिस्टिल्ड पाणी वापरा. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री काम काढा, जसं आपण केळीला पाणी देतो तसं.

नळीला हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून अर्थिंग नीट हवं. शेतातल्या मोटारीसारखं "चालतंय ना" करू नका. मशीन, चिलर, ब्लोअर आणि हवेचा पंप मिळून साधारण दोन किलोवॅट धरा. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. वीज मध्येच गेली तर शीट जागेवरून हलवू नका, तिथूनच पुढे कापायची सोय कंट्रोलरमध्ये असते, ती आधी शिकून घ्या.

कापल्यानंतर

शीट गरम असताना कागद ओढू नका. कापलेल्या कडेत ताण राहिलेला असतो. तिला स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझर लावलं तर केसासारखे तडे उठतात. साबणाचं पातळ पाणी आणि मऊ कापड पुरे. तुकडे जोडायला आपल्याकडे क्लोरोफॉर्म वापरतात. त्याने ॲक्रिलिक विरघळून जोड एकजीव होतो, पण तो नक्षीच्या बाजूवर धरत नाही, कारण दोन पृष्ठभाग नीट टेकत नाहीत. जोड सपाट बाजूला किंवा कडेला घ्या. क्लोरोफॉर्म बंद खोलीत वापरू नका, लहान पोरांच्या हाती पडू देऊ नका.

पैशाचा हिशोब

नवीन पोरं आकारावर भाव सांगतात आणि फसतात. हिशोब मशीनच्या मिनिटांचा ठेवा. समजा जाळीत कापायची एकूण लांबी ९ मीटर. सेकंदाला १५ मिमी वेगाने ९००० भागिले १५, म्हणजे ६०० सेकंद, दहा मिनिटं. आता ३० बाय २० सेंटिमीटरच्या पाटीवर पूर्ण कोरीव काम घ्या. रेघांमधलं अंतर ०.१ मिमी धरलं तर २००० रेघा. प्रत्येकीला एक सेकंद धरला तरी २००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटं, वळणं वेगळीच. पाटी छोटी, पण वेळ जाळीच्या तिप्पट. भाव त्याप्रमाणे सांगा आणि शीट, टेप, वीज, वाया गेलेला तुकडा हे सगळं त्यात धरा.

कर्जाचं म्हणाल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात खुल्या गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. शहरी भागात हेच १५ आणि २५ टक्के. आपलं गाव कशात बसतं ते अर्जाआधी जळगावच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. आणि हे नीट समजून घ्या, अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहते. हातात येत नाही. हप्ता आपल्यालाच भरायचा असतो. प्रकल्प अहवालात नुसती मशीन लिहू नका. चिलर, ब्लोअर, स्टॅबिलायझर, अर्थिंग आणि दोन महिन्यांचा माल, सगळं लिहा.

मंडळांसाठी दोन शब्द

ॲक्रिलिक थर्माकोलसारखं एका वर्षात फेकायचं नाही. ते शेवटी प्लॅस्टिकच आहे, कुजत नाही. म्हणून मखर सुटा होईल असा करून घ्या, प्रत्येक भागाला मागून नंबर टाका, खोक्यात ठेवा आणि पुढची पाच-सात वर्षं वापरा. वर्ष बदलणारा भाग तेवढा वेगळा कापून घ्या. तुटलेले तुकडे वेगळे साठवले तर भंगारवाला घेतो, ते वितळवून त्यातून परत कच्चा माल काढता येतो. ऑर्डर देताना कारागिराला विचारा, "शीट तपासली का?" स्वस्त मिळते म्हणून स्वतः शीट आणून देऊ नका. ती पीव्हीसी निघाली तर धूर त्या पोराच्या छातीत जातो.

भाच्याने रॉड आणि भिंग बदललं. मशीन परत चालू आहे, हप्ता अजून दोन वर्षं आहे. आता शेडमध्ये मशीनच्या बाजूला खिळ्याला तांब्याची तार आणि पकड टांगलेली असते. गिऱ्हाईक स्वतःची शीट घेऊन आलं की तो आधी तुकडा तोडतो आणि बाहेर जाऊन ज्योत पाहतो. परवा एकाची शीट त्याने परत केली. ज्योत हिरवी झाली होती. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे गेलं. पोरगं म्हणालं, "जाऊ द्या मामा, एक ऑर्डर गेली, मशीन तर राहिली."

मशीन घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तारेची ही खूण एकदा करून पाहावी, आणि शेजारच्या मशीनवाल्यालाही दाखवावी.